वरच्या खोल्यांचा हप्ता

यांच्या रिटायरमेंटला थोडी वर्षं उरली होती, तेव्हा आम्ही घरावर दोन खोल्या काढायचं ठरवलं. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमचं घर यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना, एमआयडीसीच्या अलीकडे. कंपनीत कामाला आलेली बाहेरगावची माणसं आमच्या गल्लीत येऊन खोली आहे का म्हणून विचारायची. पेन्शन नावालाच येणार हे माहीत होतं. यांचं म्हणणं असं, की भाडं हप्त्यात जाईल आणि हप्ता फिटला की तेच भाडं आपली पेन्शन.

आम्ही आधी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "प्लॉट एन.ए. आहे का?" नव्हता. आमच्या गल्लीतला कुणाचाच नव्हता. सगळ्यांनी शेतातले तुकडे घेऊन घरं बांधली होती, कागदावर जमीन शेतीचीच. साहेबांनी फाईल बंद करून यांच्या हातात दिली. मग एका पतसंस्थेने घर तारण ठेवून कर्ज दिलं. व्याज जास्त होतं आणि दोन जामीनदार लागले. वर्कशॉपमधल्या यांच्या दोन दोस्तांनी एका शब्दावर सह्या केल्या.

खोल्या चांगल्या झाल्या. पहिली दोन-तीन बिऱ्हाडं आली, राहिली, बदली झाली तशी गेली. मधे एखादा महिना खोली रिकामी राहायची, तेव्हा यांच्या पगारातून हप्ता जायचा आणि आमच्या घरात भाजीऐवजी बेसन व्हायचं. तेवढंच. नंतर ते जोडपं आलं.

तो लोहाऱ्याच्या एका सूतगिरणीत मशीनवर होता. ती घाटंजीकडची, अंगाने बारीक, बोलायला कमी. पोरगी तेव्हा अंगणवाडीत जाण्याएवढी. यांना माणूस आवडला. भाडेकरार करून घ्या म्हणून मी दोनदा सांगितलं, पण "स्टँपपेपरले कायले खर्च करतं? घरच्यासारखी माणसं हायेत," असं म्हणून यांनी विषय सोडला. वर्षभर खरंच काही तक्रार नव्हती. नळ आला की ती वरून बादल्या घेऊन यायची, आधी माझा ड्रम भरून द्यायची आणि मग आपलं पाणी वर न्यायची.

गिरणीची एक पाळी बंद झाली आणि त्याचं काम गेलं. थोडे दिवस तो इकडेतिकडे फिरला. मग एका सकाळी बॅग घेऊन खाली आला.

"काका, पुण्याकडं चाललो. आमच्या गावचे पोरं हायेत तिथं कंपनीत. पहिल्या पगारात मागचं-पुढचं सारं भाडं देतो."

यांनी त्याच्या बॅगेकडे पाहिलं. तेव्हा तोच हसून म्हणाला, "बायको अन् पोरगी तुमच्याजवळ ठेवून चाललो, काका. पळून थोडीच चाललो?"

सुरुवातीला त्याने थोडे पैसे पाठवले. त्याचा फोन यायचा, पोरगी जिन्यात बसून त्याच्याशी बोलायची. मग फोन बंद झाला. ती रोज लावायची, रोज तीच टेप वाजायची. गावच्या पोरांकडे विचारलं तर त्यांनी सांगितलं, तो ती कंपनी सोडून दुसरीकडे गेला, कुठे ते माहीत नाही.

हे तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. मिळालेले पैसे मुलीच्या लग्नाचं देणं आणि मुलाचं शिक्षण यात निघून गेले. आता हप्ता म्हणजे फक्त वरचं भाडं, आणि वरून भाडं येत नव्हतं. पतसंस्थेचा वसुलीचा माणूस आमच्याकडे यायला लागला. तो फाटकातच उभा राहून मोठ्याने बोलायचा, म्हणजे शेजारी ऐकतील. त्याच सुमारास दुसराही एक यायला लागला. तिच्या नवऱ्याने मोटरसायकल कर्जावर घेतली होती आणि पत्ता आमच्या घराचा दिला होता. गल्लीतल्या बायांना वाटायचं, दोन्ही कर्जं आमचीच. एकीने मला दळणाच्या गिरणीवर विचारलं, "कितीकाचे कर्ज काढले वो तुम्ही?" मी पीठ घेऊन घरी आले.

ती कामाला लागली. कंपनीच्या पोरांना डबे देणारी एक मेस होती, तिथे सकाळी पोळ्या लाटायला जायची. पोरीला माझ्याजवळ ठेवायची. हातात येईल त्यातलं थोडं ती माझ्या ओट्यावर आणून ठेवायची आणि मान खाली घालून वर जायची. तेवढ्याने हप्ता भरत नव्हता, पण नाही म्हणवत नव्हतं.

यांचा स्वभाव तापट. एकदा म्हणाले, "वरची लाईन कापतो. आपोआप खोली सोडन."

"पोरगी अंधारात झोपवता काय?" मी म्हटलं.

"मंग हप्ता तू भरतं?"

हे चप्पल घालून पोलीस ठाण्यात गेले. तिथे भाडेकराराची प्रत मागितली. ती नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की हे कोर्टाचं काम आहे, वकील करा. वकिलाची फी आणि तारखा, दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचं. घरी येऊन हे बराच वेळ पंख्याखाली बसून राहिले. लाईन काही कापली नाही.

उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायला लागला. अशाच एका सकाळी हे अंगणात पाइप धरून ड्रम भरत होते आणि मी स्वयंपाकघरात होते. पाण्याचा आवाज बदलला, पाइप फरशीवर पडल्यासारखा. मी बाहेर येईपर्यंत ती जिना उतरून यांच्याजवळ पोहोचली होती. हे भिंतीला टेकून पडले होते. तोंड एका बाजूला गेलं होतं.

"काकू, लकवा हाय हा. माह्या बापाले असाच झालता. आटो बोलवतो, तुम्ही कागदं घ्या," ती म्हणाली.

मला काहीच सुचत नव्हतं. तिनेच कोपऱ्यावरून ऑटो आणला, ड्रायव्हरने आणि तिने मिळून यांना उचललं. सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर मिळेपर्यंत यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. माझा मुलगा नागपूरला खासगी नोकरीत. तो दुसऱ्या दिवशी आला. पण पुढचे सगळे दिवस डबा तिनेच आणला. रात्री ती घरी असायची, दिवसा मेसवरून सरळ दवाखान्यात. मेसवाल्याने तिच्या खाड्यांचे पैसे कापले असतील, तिने तो विषय कधी काढला नाही.

हे वाचले. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अर्धं राहिलं. घरी आणल्यावर पोरगी यांच्या खाटेवर बसून अंगणवाडीतली गाणी म्हणायची आणि हे डाव्या हाताने तिच्या पाठीवर ताल धरायचे. यांचा तापटपणा कुठे गेला कोण जाणे. आता भाड्याचा विषय कसा काढायचा? मी महिना काढला, दुसरा काढला. मुलगा जमेल तेवढं पाठवायचा, ते औषधांत आणि मालीशवाल्यात जायचं.

मग जामीनदारांना नोटिसा गेल्या. त्यातले एक यांचे जुने दोस्त, वर्कशॉपमध्ये शेजारी काम केलेले. दर रविवारी येऊन यांच्याजवळ बसायचे. त्या रविवारी ते चहा न घेता उभेच राहिले आणि मला अंगणात बोलावलं.

"वहिनी, माह्या पगारातून कापतो म्हणते संस्था. पोरीचं लग्न ठरलं हाय. मी त्याले काही म्हणत नाही, त्याची हालत पाहून राह्यलो मी. तुम्हीच काहीतरी करा."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. हे दरवाजाकडे पाहत बसले होते.

त्या संध्याकाळी मी वर गेले. ती पोरीचे केस विंचरत होती. खोलीत सामान किती कमी झालंय ते मला पहिल्यांदाच दिसलं. टीव्ही नव्हता, कूलर नव्हता. मी चटईवर बसले. वाक्य मनात पाठ केलं होतं, ते आठवलंच नाही.

"पोरी, आता..." एवढंच म्हटलं.

तिने पोरीला गच्चीवर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "काकू, मी रोज वाट पाहून राह्यली होती का तुम्ही कधी म्हणता. मले मालूम हाय. तो वसुलीवाला बोलते ते वर ऐकू येते सारं."

"कुठं जाशील?"

"मायकडं. घाटंजीले. भाऊ हाय तिथं. भावजय बोलन, पण ठेवन."

मी रडायला लागले. ती रडली नाही. कंगवा बाजूला ठेवून म्हणाली, "तुमचं भाडं मी देईन. कधी देईन ते नाही सांगत. खोटं नाही बोलायचं मले."

"ते राहू दे."

"राहू कायले द्यायचं? तुमचंही घरच हाय." आणि मग हळूच, "काकांले सांगू नका मी गेली म्हणून. सणाले मायकडं गेली म्हणा."

तिचा भाऊ मालवाहू ऑटो घेऊन आला, तेव्हा हे झोपलेले होते. सामान चढवायला वेळ लागला नाही. पोरगी पुढे मामाजवळ बसली आणि मला हात हलवत राहिली; तिला वाटत होतं सणालाच चाललोय.

हे उठल्यापासून वर बोट दाखवून विचारायचे. मी पोळ्याच्या सणाला गेली म्हणून सांगितलं, मग दिवाळीला गेली म्हटलं. शेवटी एक दिवस यांनी माझा हात धरला आणि जमेल तसं बोलले, "का...ढली?" मी हो म्हटलं. यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी जेवले नाहीत.

वरच्या खोल्या कंपनीतल्या चार पोरांना दिल्या. करारपत्र केलं, अनामत घेतली. हप्ता परत सुरू झाला, पण थकलेल्या हप्त्यांवरचं दंडव्याज वेगळं होतं आणि नुसत्या वरच्या भाड्यात ते बसेना.

पोरं राहायला येऊन काही महिने झाले असतील. एका दुपारी फाटक वाजलं. तो उभा होता. अर्धा झालेला, दाढी वाढलेली, खांद्यावर तीच बॅग. वर पाहत होता. दोरीवर पोरांच्या पॅंटा वाळत होत्या.

"काकू, कुठं गेली ते?"

मला वाटलं होतं हा कधी भेटला तर मी त्याला सोडणार नाही. पण तो पायरीवर बसला आणि मी पाणी आणलं. त्याने सांगितलं ते असं: तिथलंही काम सुटलं, मग दुसरं धरलं, तिथे ठेकेदाराने पगार बुडवला. "फोन चालू केला का ते फायनान्सवाले मांगं लागत. रोजचे वीस फोन. मंग बंदच करून टाकला. वाटलं, हाती काही आलं का लावीन." मोटरसायकल ते ओढून घेऊन गेले होते.

आतून यांनी आवाज दिला. तो आत गेला आणि खाटेवरच्या माणसाला पाहून दारातच थांबला. हे त्याच्याकडे पाहत राहिले. मग डाव्या हाताने जायची खूण केली. ते हाकलणं होतं की घाटंजीकडे जा असं सांगणं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तो निघून गेला. पुढे तिचा एकदा फोन आला. तो तिथेच आहे, दोघं कापूस वेचायला जातात, पोरगी शाळेत आहे. भाड्याचं तिनेही काढलं नाही, मीही नाही.

घर विकायचा सल्ला सगळ्यांनी दिला. पण एन.ए. नसलेल्या घराला जी किंमत सांगत होते, त्यात कर्ज फिटून आम्हाला फारसं काही उरत नव्हतं. शेवटी खालची बैठक आणि पुढची खोलीही भाड्याने दिली, बदलीची नोकरी असलेल्या एका माणसाच्या कुटुंबाला. आम्ही मागे, स्वयंपाकघर आणि त्याला लागून कोठीची खोली, तिथे राहतो. येणं-जाणं मागच्या बोळातून. समोरचं दार त्यांचं. त्यांचे पाहुणे आले की यांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी दार लोटून घेते. खाट ठेवल्यावर खोलीत माझी चटई तिरपी घालावी लागते.

या महिन्यात पुढच्या बाईंनी दारावर टकटक केली. यांच्या खोकल्याबद्दल असेल म्हणून मी घाबरले. पण त्या म्हणाल्या, साहेबांची बदली झाली, महिनाअखेर जाणार. अनामत तयार ठेवा.

त्यांनी दिलेली अनामत औषधांत गेलेली आहे. मी त्यांना हो म्हटलं आणि यांना भरवायला आत आले.