वहीत नसलेली गोळी

बाबांना झटका आला तेव्हा मी तलासरीत शाळेच्या कार्यालयात हजेरीपट तपासत होते. वहिनीचा फोन आला. "ताई, बाबांचं तोंड वाकडं झालंय. हातातलं जाळं गळून पडलं, उचलताच येत नाही." मी दोनच प्रश्न विचारले. गाडी मिळाली का, आणि किती वाजता झालं. गाडी मिळाली होती. दुसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, "पाणी लागलं तेव्हा चांगले होते."

माझं माहेर धाकट्या डहाणूत, खाडीपासून चार घरं सोडून. बाबा तिथले तांडेल. बोट चालवणं त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडलं आणि भावाच्या हातात दिलं, पण घर अजून पाण्यावरच चालतं. भरती लागली, म्हणजे आमच्या बोलीत पाणी लागलं, की बोटी खाडीत शिरतात, मग मासळी उतरवायची, निवडायची, वाळत घालायची. भिंतीवर घड्याळ आहे. ते मी नेऊन लावलं होतं.

वापीच्या दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. शेवटचे धडधाकट कधी दिसले, नक्की वेळ सांगा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. वहिनीने पुन्हा भरती सांगितली. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी फोनवर भरतीची वेळ काढली आणि सव्वानऊ म्हणून सांगितलं. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन वेळेत बसलं. त्या दिवशी मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, हे लिहून ठेवते.

दहा दिवसांनी बाबा घरी आले. जीभ जड, तोंडाची उजवी बाजू थोडी उतरलेली, उजवा हात खांद्यापर्यंत जेमतेम वर जाणारा आणि बोटं निर्जीव. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, पहिले तीन महिने महत्त्वाचे. जे सुधारायचं ते बरंचसं याच काळात सुधारतं, आणि दुसरा झटका येण्याची भीतीही याच काळात जास्त. पहिलं वाक्य वहिनीने लक्षात ठेवलं, दुसरं मी.

मी दोनशे पानी वही केली. औषधाचं नाव, वेळ, कोणी दिलं, खूण, असे चार रकाने. मागच्या पानांवर सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब. पहिल्याच पानावर दवाखान्याचा नंबर, दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि चारोटीला हमरस्त्यापर्यंत किती मिनिटं लागतात ते. एक दिवसाआड शाळा सुटली की मी डहाणूला जायचे, वही बघायचे, बाबांना हसायला सांगायचे, दोन्ही हात वर करायला सांगायचे, माझं नाव म्हणायला सांगायचे. बाबा वैतागायचे. "रोज काय परीक्षा घेतेस, बाय? नापास केलंस तर कुठं पाठवशील?" मी हसायचे. पण त्यांची उजवी पापणी डावीपेक्षा खाली आहे का, हे बघितल्याशिवाय मला चहा गिळता येत नसे.

शाळेत मधल्या सुट्टीत मी फोनवर स्ट्रोकबद्दल वाचत बसायचे. तिथेच मेलाटोनिन सापडलं. अंधार पडला की आपल्या मेंदूत तयार होणारं, झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं द्रव्य. लेखात म्हटलं होतं की रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूच्या पेशींची जी जाळपोळ सुरू होते, सूज येते, ती हे कमी करू शकतं. उंदरांवर करून बघितलं होतं. उंदरांच्या मेंदूचा खराब झालेला भाग लहान राहिला होता. शेवटच्या परिच्छेदात होतं की माणसांवर अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही. तो परिच्छेद मी वाचला. नाही वाचला असं म्हणता येणार नाही.

मी दुसरा लेख शोधला, मग तिसरा. सगळ्यांत शेवटचा परिच्छेद तसाच होता आणि मी सगळ्यांत वरचाच भाग पुन्हा वाचत होते. डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण तपासणीच्या दिवशी बाहेर चाळीस माणसं होती आणि डॉक्टरांनी घड्याळाकडे दोनदा बघितलं होतं. माझ्या यादीत आठ प्रश्न होते. मी सात विचारले.

औषधाच्या दुकानात बाई म्हणाली, "झोप लागत नाही का, मॅडम?" मी हो म्हटलं. तेही खोटं नव्हतं.

ती गोळी मी वहीत लिहिली नाही. तपासणीच्या वेळी वही डॉक्टरांसमोर ठेवावी लागायची आणि तिथे त्यांना ती दिसली असती, एवढंच कारण. बाकी सगळ्या गोळ्यांपुढे आठ, दोन, साडेआठ असे आकडे होते. हिचं पाकीट मी वहिनीच्या हातात दिलं आणि तोंडी सांगितलं, "ही एक बाबा झोपायच्या आधी द्यायची." वहिनीने पदराला हात पुसले आणि पाकीट फळीवर ठेवलं. तिने काही विचारलं नाही. वहिनी मला कधीच काही विचारत नसे. मी शिकलेली, वही माझी.

त्यानंतर आठव्या दिवशी मी साडेतीनला घरी पोहोचले. शाळा अर्धा दिवस होती. बाबा ओट्यावर नव्हते. आत खाटेवर झोपले होते, तोंड उघडं, लाळ उशीवर. मी हाक मारली. डोळे उघडले आणि मिटले. "बाबा, हसा बघू." काही नाही. "हात वर करा." डावा हात चार बोटं वर आला आणि पडला. उजवा हललाच नाही. काहीतरी बोलले, पण त्यात एकही शब्द नव्हता.

पहिल्या झटक्याच्या वेळी मी तिथे नव्हते, त्यामुळे तो कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. हा असाच दिसत असणार असं वाटलं.

"कधीपासून?"

"जेवले ना बाराला. मग झोपले," वहिनी म्हणाली. "हल्ली झोपतातच खूप. मला वाटलं बरंय, आराम पडतोय."

भाऊ समुद्रात होता, फोन लागत नव्हता. शेजारच्यांनी बाबांना उचलून गाडीत घातलं. मी फाईल घेतली, रक्तदाबाचं मशीन घेतलं, वही घेतली. खाडीवरच्या पुलावर येईपर्यंत रक्तदाब मोजला. रोजच्यापेक्षा बराच खाली होता. झटक्यात तो वाढतो की उतरतो, मला आठवेना. दोनशे पानांची वही मांडीवर होती आणि मला ते आठवेना.

आशागड गेल्यावर मी पेन काढलं. दवाखान्यात गेल्या गेल्या विचारणार, तेव्हा तयार असावं म्हणून एकेक औषध आणि ते शेवटचं कधी दिलं ते लिहायला लागले. वहिनी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि मी विचारेन तसं सांगत होती. यादी संपली. गाडीवाला पुढे बघत होता. मी आवाज खाली आणला.

"आणि ती पांढरी? काल रात्री दिली होती ना?"

"रात्रीची होय? दिली की. पहाटेची दिली, मघाची पण दिली."

मला आधी कळलंच नाही. "पहाटेची म्हणजे?"

"पहाटे पाणी लागलं तेव्हा उठले ना बाबा. बोटी आल्या की त्यांना ओट्यावर बसवावंच लागतं, नाहीतर ओरडतात. बोटी लागल्या, मग परत आडवे झाले. तेव्हा दिली. मग दुपारी जेवून झोपले तेव्हा एक." ती माझ्याकडे बघत होती. "तुम्हीच म्हणालात, झोपायच्या आधी. ते कुठं एकदा झोपतात, ताई? माझं लग्न झाल्यापासून बघते, पाण्याबरोबर उठतात, पाण्याबरोबर निजतात."

मी त्या घरात जन्मले. लहानपणी आम्हीही तसेच झोपायचो, आईच्या कुशीत दुपारी, संध्याकाळी, बोट येईल तसं. पंचवीस वर्षं शाळेच्या घंटेवर काढल्यावर मला वाटायला लागलं होतं की माणसं रात्री झोपतात.

"आठ दिवस अशीच देतेयस?"

"हो. एखाद दिवशी दोनच झाल्या असतील." मग तिचा चेहरा बदलला. "का? डॉक्टरांनी किती सांगितलेली?"

मी पेनाला टोपण लावलं.

"ताई, डॉक्टरांनी सांगितलेली ना?"

"नाही."

गाडी हमरस्त्याला लागली. विवळवेढ्याला देवीच्या कमानीपाशी तिने एका हाताने बाबांचं डोकं धरून दुसरा हात कपाळाला लावला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटलं वहीत जागा नसेल उरली म्हणून नाही लिहिली. खूण कुठं करायची म्हणून दोनदा शोधली मी."

तलासरीवरून जाताना माझी शाळा डाव्या हाताला मागे पडली. त्या वेळी मी जे मनात म्हणत होते ते कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणत होते की माझीच चूक असू दे. गोळ्यांची गुंगी असेल तर उतरेल. झटका असेल तर राहिलेला अर्धा माणूसही जाईल. माझ्या हातून झालं असेल तर बरं होईल, देवा, माझ्याच हातून झालेलं असू दे. आणि त्याच वेळी दुसरी भीती होती. मी गोळीचं सांगितलं आणि डॉक्टर म्हणाले, मग गुंगीच आहे, झोपू द्या, आणि खरं तर तो झटकाच असला तर? नाही सांगितलं आणि त्यांनी या गुंगीवर आणखी काही औषध टोचलं तर? वापी येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी घाबरून घेतलं.

दवाखान्यात या वेळी वेगळ्या डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत उजेड मारला, पायाच्या तळव्यावर काहीतरी ओढलं, आणि वही उघडली. "व्वा, असं कोणी ठेवत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे एवढीच औषधं चालू आहेत?"

वहिनी माझ्याकडे बघत होती.

"एक यात नाही," मी म्हटलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "मेलाटोनिन. मी वाचून आणली. आठ दिवस, दिवसाला तीन. मेंदू वाचतो असं वाचलं होतं."

मला वाटलं ओरडतील. त्यांनी पाकीट उलटं करून बघितलं, आतल्या रिकाम्या जागा मोजल्या आणि कागदावर लिहिलं. "सांगितलंत ते बरं झालं. पण याच्यामुळेच आहे असं धरून मी बसणार नाही. आधी स्कॅन."

बाबांना आत नेलं. बाहेरच्या बाकावर वहिनी माझ्यापासून एक जागा सोडून बसली. स्कॅन करून आणल्यावर डॉक्टर म्हणाल्या, रक्तस्राव नाही, नवं काही दिसत नाही. मी श्वास सोडला. "थांबा," त्या म्हणाल्या. "ताजा झटका कधीकधी पहिल्या स्कॅनमध्ये दिसत नाही. रक्तदाब उतरलाय, सुस्ती आहे, गोळ्यांशी ते जुळतं. रात्रभर लक्ष ठेवू, सकाळी कळेल."

मग, कदाचित माझा चेहरा बघून, त्या जरा टेकल्या. "तुम्ही वाचलंत ते थापा नाहीत. उंदरांमध्ये चांगलं दिसलंय. माणसांवर काम सुरू आहे, थोडंथोडकं. पण किती द्यायची, कधी द्यायची, झटक्यानंतर लगेच की महिन्याने, रक्त पातळ करायच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेल का, हे मला आज सांगता येत नाही. पुढे ही गोळी आम्हीच लिहून देऊ, असंही होईल. आज मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं."

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी सातला सिस्टर आली आणि गुजरातीत मोठ्याने म्हणाली, "दादा, आँख खोलो जोउं! हाथ ऊंचो करो!" बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "आली परीक्षा," ते म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द होते. उजवा हात वर गेला. खांद्यापर्यंत, आधी जात होता तेवढाच. वहिनी रडायला लागली. मी लागले नाही. मी वही उघडून वेळ लिहिली.

आता या गोष्टीला सहा आठवडे झाले. वहिनी माझ्याशी नीट बोलते, पण आता विचारते. प्रत्येक गोळी हातात धरून विचारते, "ही डॉक्टरांची का तुमची?" चार माणसांतही विचारते. मी उत्तर देते.

गेल्या रविवारी मी गेले तर बाबा ओट्यावर बसले होते. "ताई, गंमत बघा," वहिनी म्हणाली आणि बाबांना खूण केली. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला आणि बोटं उघडली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, पाचही.

वहिनी माझ्याजवळ सरकली. "मला काय वाटतं सांगू का? त्या आठ दिवसांत त्या गोळीनं आतून काम केलं असणार. नाहीतर एवढ्या लवकर कुणाची उघडतात? समोरच्या आळीतल्या म्हाताऱ्याची वर्ष झालं तरी नाहीत. परत सुरू करायची का? एकच. रात्रीची, घड्याळाप्रमाणे."

"झोप चांगली लागायची," बाबा म्हणाले आणि उघडा हात तसाच माझ्यापुढे धरला, गोळी मागितल्यासारखा.

ती म्हणते तसं असेल का, हे मला माहीत नाही. व्यायामाने उघडली असतील, पहिल्या दिवशीच्या इंजेक्शनने उघडली असतील, आपोआप उघडली असतील. गोळीनेही असतील. कुणाला विचारलं तरी त्या आठ दिवसांचं उत्तर मिळणार नाही. एवढे दिवस मला दुसऱ्या झटक्याची भीती वाटत होती. ओट्यावर बसून पहिल्यांदा मला भीती वाटली की आपण त्यांना जे मिळू शकलं असतं तेही अडवतोय.

"नाही," मी म्हटलं. "उद्या फोन करून विचारते. त्यांनी सांगितली तरच."

"आणि नाही सांगितली तर?" वहिनीने विचारलं.

"तर नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. हात पुढेच होता. मग त्यांनी तो मिटायला घेतला, एकेक बोट करून, आणि आम्ही तिघंही तो पूर्ण मिटेपर्यंत बघत बसलो.