शरददादाच्या घरातला न कळलेला पिक्चर

चांगला पिक्चर लोक बघतात आणि विसरतात. न कळलेल्या पिक्चरचं तसं नाही. तो गावात मुक्कामच ठोकतो आणि रोज संध्याकाळी कुणीतरी त्याची नवी भानगड घेऊन माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसतं. माझं नागावात सायकलचं दुकान आहे. पर्यटकांना भाड्यानं सायकली द्यायच्या आणि उरलेल्या वेळात असलं सगळं ऐकायचं. ऐकून ऐकून पोट फुगलं, म्हणून आता सांगतो.

*

सुरुवात शरददादाच्या घरापासून. शरददादा माझा शेजारी. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत कौलारू घर, दोन खोल्या पाहुण्यांना. सुनंदावहिनी भाचीच्या लग्नाला पेणला भावाकडे गेल्या आणि नेमका तेव्हा एक डायरेक्टर घर बघायला आला. त्याला घर आवडलं. शरददादानं लगेच होकार दिला. बायकोला फोन करून विचारावं, हे काही सुचलं नाही. सुचणार कसं, डायरेक्टर त्याला ‘सर’ म्हणत होता!

चार दिवसांनी वहिनी परत आल्या. बघतात तर स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या केलेल्या आणि ओट्यापाशी त्यांचीच जुनी साडी नेसून एक परकी बाई उभी. वहिनी आत शिरायला लागल्या तर एका पोरीनं तोंडावर बोट ठेवून त्यांना अडवलं. टेक चालू होता. बिचाऱ्या स्वतःच्याच अंगणात बॅग धरून उभ्या राहिल्या. ‘कट’ झाल्यावर आत गेल्या, आणखी दोन साड्या बॅगेत टाकल्या आणि बाहेर आल्या.

“ज्या पिक्चरसाठी मला माझ्याच दारात उभं केलंत, त्याचा अर्थ कळला की मला न्यायला या,” म्हणाल्या, आणि आल्या त्याच रिक्षानं परत गेल्या.

शरददादाला वाटलं, एवढंच ना? पिक्चर आला की दोन तासांचं काम.

*

पिक्चर आला. डायरेक्टरनं पेनड्राइव्ह पाठवला. शरददादानं गणपती मंडळाचा प्रोजेक्टर आणला, दोन पोफळींना चादर बांधली आणि आम्हाला बोलावलं. गोष्ट अशी: एक माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो. बायको ओट्यापाशी. तो समुद्राकडे बघतो, ती चुलीकडे बघते. मध्येच किनाऱ्यावर तो विचारतो, “येतेस?” ती म्हणते, “नाही.” मग तो खाटेवर बसून आपल्याकडे बघत राहतो, इतका वेळ की आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. संपला.

दिवा लावला तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत. मी चप्पल शोधायला लागलो.

*

पहिला अर्थ लिमये सरांनी लावला. सर निवृत्त झाले तरी फळा सुटलेला नाही. ते म्हणाले, बाई मुळात मेलेलीच आहे, आणि मध्ये तो नारळ पडतो ना, तो म्हणजे पुरुषी सत्तेचा अंत. यावर ते छान रंगात येऊन बोलले.

शरददादा शांतपणे म्हणाला, “सर, त्या माडाचे नारळ उतरवायचे राहिले होते.”

तीच पंचाईत होती. प्रत्येक शॉट त्याच्या डोळ्यांदेखत घेतलेला. खाटेवर लाल चादर का, तर पांढरी वाळत घातली होती ती कुत्र्यानं ओढून नेली. नट खिडकीत उभा राहून डोळे पुसतो, का, तर भिंतीचा काळा रंग त्याच्या डोळ्यांत गेला. सगळी कारणं तोंडपाठ, अर्थ एकाचाही नाही. मला त्याची दया यायची आणि हसूही यायचं.

तरी त्यानं सरांचा अर्थ पेणला फोनवरून कळवला. वहिनींनी पूर्ण ऐकून घेतलं.

“हे तुमचं की सरांचं?”

“सरांचं.”

“मग न्यायला सर येणार आहेत का?”

*

पिक्चर दुसऱ्यांदा लावला तेव्हा जनार्दन नाखवा आले. स्वतःची बोट आहे, जन्म समुद्रावर गेलेला. नाखव्यांनी नट बघितला नाही, नटी बघितली नाही, दोघांच्या मागचं पाणी तेवढं बघितलं.

“त्यानं ‘येतेस’ इचारलं तवा ओहोटी हाय,” ते म्हणाले, “आन ती ‘न्हाय’ बोलली तवा भरती पार वर आलेली. सा तास इचार केलान बाईनं! उगा ‘न्हाय’ बोलली नाय ती.”

सरांनी समजावलं की अहो, ते दोन शॉट वेगवेगळ्या वेळी घेतलेत. नाखवा ऐकेनात. शूटिंग कवा केला ते त्यांचं त्यांना, मी बगितला तो सांगतो, म्हणाले.

शरददादाला हा अर्थ फार पटला. बाई निष्ठुर नाही, सहा तास विचार करते, वगैरे. फोन लावला. वहिनी म्हणाल्या, “मला दोन मिनिटं लागली होती.” आणि ठेवला.

*

नाखव्यांची बायको मंदाताई या पिक्चरमध्ये आहे. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मागून जाते, तीनदा. तिच्या मते पिक्चर सरळ आहे आणि तिच्यावरच आहे.

“ती दोगा नुसती हुबी ऱ्हातान. कामाला कोन जातं? मीच ना?”

खरं सांगू, मला आजपर्यंत याहून चांगला अर्थ कुणी सांगितलेला नाही.

*

मग पाहुणे. शरददादानं खोल्यांत उतरणाऱ्यांनाही पिक्चर दाखवायला सुरुवात केली. नाश्ता, समुद्र, घोडागाडी आणि पिक्चर. ठाण्याचं एक नवं जोडपं आलं होतं. संध्याकाळी माझ्याकडून एकच सायकल नेली, ती मागे बसलेली, दोघं खिदळत. रात्री पिक्चर बघितला. तिचं म्हणणं, त्यानं घर सोडलंच का? त्याचं म्हणणं, आला ना परत, मग आता काय पाया पडायचं?

सकाळी दोन सायकली नेल्या. एक काशीदच्या रस्त्याला लागली, दुसरी उलट दिशेला किहीमकडे वळली.

*

शेवटी शरददादानं डायरेक्टरलाच गाठलं. फोनवर विचारलं, साहेब, अर्थ काय हो?

डायरेक्टर म्हणाला, “तुम्हाला काय वाटलं, सर?”

“मला काही वाटलं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?”

मग तो म्हणाला की हे फारच सुंदर बोललात, मी हे कुठेतरी वापरू का?

*

गणपतीत वहिनी आल्या. आम्ही म्हटलं, सुटला माणूस. त्यांनी मोदक केले, आरत्या म्हटल्या, आम्हाला हसून प्रसाद दिला. दीड दिवसानं विसर्जन झालं. गणपती पाण्यात आणि वहिनी पेणच्या एस्टीत. शरददादा रिकामा पाट घेऊन किनाऱ्यावरून एकटा परत आला. त्या दिवशी मात्र कुणाला विनोद सुचला नाही. घरात बाईमाणूस नाही म्हणून तो वाळला वगैरे नव्हता. स्वयंपाक शिकला होता. पण बोलायचा थांबला होता, आणि ते बघवत नव्हतं.

*

मंदाताईनं मग परस्पर पेणला फोन केला. तू स्वतः बघितलायस का गं तो पिक्चर? न बघता कसली अट घालतेस? हा मुद्दा बिनतोड होता.

वहिनी शनिवारी आल्या. दुपारच्या एस्टीनं निघालेल्या, अलिबागला गाडी चुकली, पोचेपर्यंत दिवेलागण झाली. आम्ही सगळे आधीच अंगणात जमलेलो. शरददादा धावला, खुर्ची पुसली, “बस, लगेच लावतो,” म्हणाला आणि वायरींत घुसला.

दोन तास वहिनींनी मान हलवली नाही. ओटा आला, साडी आली, मंदाताई तीनदा गेली, नारळ पडला. संपल्यावर आम्ही कुणी चादरीकडे बघत नव्हतो. सगळे त्यांच्याकडे बघत होतो. सर तर वहीच काढून बसले होते.

वहिनी म्हणाल्या, “इतक्या वर्षांनी आला. एवढ्या वेळात त्या माणसानं तिला एकदा तरी विचारलं का, जेवलीस का म्हणून?”

शरददादानं प्रोजेक्टर बंद केला. मग आत गेला. स्वयंपाकघरात दिवा लागला. भांडी वाजली, एक डबा पडला.

वहिनी जागेवरूनच म्हणाल्या, “तांदूळ खालच्या डब्यात आहेत.”

आतून आवाज आला, “आता वर ठेवतो मी.”

वहिनी थोडा वेळ बसल्या. मग उठल्या आणि आत गेल्या. खिडकीतून दोघं दिसत होती. ती ओट्यापाशी, तो फळीपाशी. बोलत होती, पण काय ते ऐकू येत नव्हतं. बॅग अजून बाहेर खुर्चीशेजारीच होती.

लिमये सरांनी घसा साफ केला. “मला वाटतं, याचा अर्थ—”

“गप रावा, सर,” मंदाताई हळूच म्हणाली. “अजून चालू हाय.”