बांधापलीकडचा शांतिदूत

शेजारच्या शेतातले ख्रिस्ती भाऊजी म्हणजे दुसरा गाल पुढं करणारे, या भरवशावर तरुणपणी मी माझी शेळी खुशाल त्यांच्या लसूणघासात चरायला सोडायची. केवढी ती हुशारी! रविवारी प्रार्थनेहून आले की ते बांधावर बसून विळ्याला धार लावत सांगायचे, “वैऱ्यावर प्रेम करावं, वहिनी.”

एकदा गाभण शेळी परतलीच नाही. बघते तर त्यांच्या दारात बांधलेली, पुढ्यात त्यांनीच कापलेला घास. बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात विकतात की काय, म्हणून मी रडकुंडीला आले.

“भाऊजी, तुमचा देव शांतीचा ना?”

दावं सोडत ते म्हणाले, “आमच्या बायबलात आधी लढाया, मधी शांती, आन शेवटी परत लढाई हाय, वहिनी. आज मी मधल्या पानावर हाय. परत सोडली, तर शेवटचं उघडीन.”