दोघांनी वाढवलेला वेग

कॉम्प्युटरचं नवं मशीन माझ्या हट्टामुळे आलं होतं. सातपूरच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही शीतगृहांसाठी गणित करून देतो. द्राक्षांच्या पेट्या कशा रचाव्यात आणि पंखे कुठे लावावेत, म्हणजे गार हवा खोलीत सगळीकडे सारखी पोहोचेल, हे शोधायचं. त्यासाठी खोलीचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाचं तापमान क्षणाक्षणाला काढत जायचं. जुन्या मशीनवर एका खोलीला अख्खी सकाळ जायची. "जास्त कोरचं मशीन घ्या, जेवणाच्या आत काम उरकेल," असं मी मालकांना सगळ्यांदेखत सांगून बसले होते.

मशीन आलं, सोळा कोरचं, म्हणजे एका वेळी सोळा हिशेब चालवणारं. एकेका कोरला एक, असे एकाच वेळी चालणारे सोळा थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, करून मी प्रोग्रॅमचं काम त्यांच्यात वाटलं आणि सकाळीच सुरू करून दिलं. दुपारचा चहा झाला तरी पहिली खोली संपेना. जुन्यापेक्षाही हळू! त्यात ती खोली ज्यांची, त्या सायखेड्याच्या बागायतदारांचा फोन आला.

"ताई, माल उतरायला लागलाय. वायरमन येऊन बसलाय. पंखे कुठं ठोकू, तेवढं सांगा ना!"

"उद्या नक्की," मी म्हटलं. कशाच्या जोरावर, ते मलाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी त्याच्यामागे लागले. स्क्रीनवर सगळे कोर शंभर टक्के राबताना दिसत होते, आणि त्यानेच मी जास्त हैराण झाले. रिकामे बसले असते तर निदान काम पोहोचत नाही हे कळलं असतं. डिस्कवर लिहिणं बंद करून पाहिलं. मशीन तापतंय का पाहिलं. मेमरी पाहिली. काही नाही. शेवटी गणिताचा थोडा तुकडा घेऊन तो एकच थ्रेड ठेवून चालवला, तर सोळांपेक्षा लवकर! दोन ठेवले तर किंचित बरं, चार केले की पुन्हा रडगाणं. मग चालू असलेल्या थ्रेडची यादी उघडली. मी केलेले सोळा. यादी मात्र खाली खाली सरकतच राहिली. शेकडो होते. इतके आले कुठून?

माझा भाग मी दोनदा वाचला. उरला तो समीकरणं सोडवणारा भाग. तो आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या सरांचा. मी नवीन असताना त्यांनीच मला हे काम शिकवलं. पण प्रोजेक्टची जबाबदारी त्यांना डावलून माझ्याकडे आली, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी 'मॅडम' झाले. कामापुरतं बोलणं, तेही ईमेलवर. बसायचो मात्र एकाच खोलीत.

उठले, त्यांच्या टेबलापाशी गेले. "सर, जरा बघता का? अडलंय."

ते उठून आले. यादी पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला. "अगं, हे तर माझे आहेत."

"म्हणजे?"

"दिवाळीनंतर मी समीकरणांचा आतला भाग बदलला. तोही आता स्वतःचे थ्रेड काढतो. तू बाहेर सोळा केलेस, त्यातला प्रत्येक जण आत आणखी सोळा काढतोय. कोर तेवढेच. मग सगळे एकमेकांना ढकलत बसणार."

"दिवाळीनंतर? मला सांगितलं नाहीत!"

"जुन्या मशीनवर तुझं काम रखडायचं, म्हणून केलं." चष्मा खाली ओढत म्हणाले, "सांगायला हवं होतं."

डिसेंबरात गणितं जरा लवकर संपायला लागली होती खरी. मला वाटलं, खोल्याच लहान असतील.

आतल्या भागाला एकच थ्रेड वापरायला सांगितलं. एका ओळीचा बदल. जुन्या मशीनवर आधी काढलेली एक खोली तपासणीसाठी लावून मी पाणी भरायला गेले. परत येते तो संपलेला. बंदच पडला असं वाटून मी घाईने फाइल उघडली. पण नाही, उत्तर आलं होतं. फक्त शेवटचे आकडे जुन्या उत्तराशी जुळत नव्हते.

"सर, चुकलं!"

"किती चुकलं ते तर बघ आधी," ते म्हणाले. "मशीन प्रत्येक पायरीला दशांश तोडतं, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की शेपटीचे आकडे हलतातच."

आम्ही दोघांनी खोलीचा कोपरा न् कोपरा ताडून पाहिला. फरक होता तो दशांशचिन्हापासून पार लांब, कुठल्याही थर्मामीटरला न कळणारा. तेव्हा कुठे माझे खांदे सैल झाले. इतका वेळ ते आखडलेत, हेही मला कळलं नव्हतं.

मग सायखेड्याची खोली चालवली आणि फोन करून पंख्यांच्या जागा सांगितल्या. "लय बरं झालं ताई," पलीकडून आवाज आला, आणि मागोमाग ड्रिलची घरघर.

फोन ठेवून मी सरांना विचारलं, "आणखी काय काय बदलून ठेवलंय?"

"तीन गोष्टी," ते म्हणाले, आणि आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी घेऊन आले. "चहा सांग. मग दाखवतो."