आर्मांने आणलेलं मत

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या गिरणीगावाचा आर्मां लेव्हासर सोळा वर्षं आमदार होता. तिथून माणसं वर चढायला बघतात, हा उतरून नगरसेवक झाला! "राजधानीत गटाराची तक्रार घेऊन कुणी येईना, करमेना मला," म्हणाला.

परवाच्या पालिका निवडणुकीत तो पुन्हा उभा होता, आणि रस्त्यांवर बर्फ गोठला होता. वयस्कर मतदारांना उमेदवाराने आपल्या गाडीतून न्यायचं, ही इथली जुनी रीत. मतदान संपता संपता आर्मां आणि त्याच्या प्रचाराला मदत करणारा मी, आम्ही फिलोमेन आजींना घेतलं. बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "आर्मां, आधीच सांगते, माझं मत त्या नव्या पोराला. तुमच्या पालिकेची गाडी रस्त्यावरचा सगळा बर्फ माझ्याच दारात लोटते!"

"द्या की, आजी. आधी पट्टा लावा."

मी त्याच्या कानाशी लागलो, "अरे, उतरव म्हातारीला!"

"एवढ्या बर्फात? पाय मोडेल तिचा."

आजींनी मत दिलं आणि निकाल ऐकायला तिथेच कॉफी घेऊन बसल्या. आर्मां एका मताने पडला. आजींना घरीच ठेवलं असतं, तर बरोबरी होऊन चिठ्ठी तरी टाकली असती. मी कपाळाला हात लावला. लोक विजयी पोराकडे धावले. आर्मां मात्र किल्ली शोधत आजींपाशी गेला.

"चला आजी, सोडतो. कॉफी झाली ना?"

आजी त्याचा दंड धरून उठल्या. त्या दोघांसाठी दार उघडून धरताना, का कोण जाणे, मी डोक्यावरची टोपी काढली.