सहाच्या सहा बिघडलेले हेडफोन

मोबाइल मोठ्यानं लावायचा नाही. मुलाच्या घरी राहायचं तर कानाला काहीतरी लावून ऐकायचं, असं मला सांगण्यात आलं. सांगितलं मुलानं, तेही जेवताना, पानात पोळी वाढून झाल्यावर. म्हणजे बापाला उठून जाता येऊ नये.

ही गेली त्याला आठ महिने झाले. कसब्यातलं घर आणि तांब्याची भांडी घडवून विकायचं दुकान बंद करून मी हडपसरला अकराव्या मजल्यावर येऊन पडलो. संध्याकाळी कीर्तन ऐकायची आमची दोघांची सवय होती. ही भाजी निवडायची, मी हातातलं भांडं घासत बसायचो, आणि बुवा कुठं घसरला की ही त्याला घरातूनच सुनवायची. तेवढं एक ऐकणं माझ्याकडं उरलं होतं. ते लावलं की शेजारचा दार वाजवतो, मुलाची ऑफिसची मीटिंग बिघडते, सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो. हेडफोन घ्या, नाहीतर कीर्तन बंद, असं मुलानं तोंडावर सांगितलं. फार राग आला. पण घर त्याचं. कीर्तन सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून कबूल झालो.

सून म्हणाली, ऑनलाइन मागवू. मी म्हटलं, पन्नास वर्षं मी गिऱ्हाइकाच्या हातात भांडं देऊन मगच विकलं. हात लावल्याशिवाय, वाजवून बघितल्याशिवाय मी वस्तू घेत नाही. मग तिनं बजावलं की अख्खा कान झाकणारा, मऊ गादीचा घ्या. आणि जरा बरा दिसणारा बघा बाबा, नाहीतर डोक्यावर इस्त्री ठेवल्यासारखं दिसेल. ही असती तर या बोलण्यावर हसली असती. मी हसलो नाही. बस धरली आणि नारायण पेठेत गेलो.

दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, मान वर न करता बोलणारा. पहिला हेडफोन घातला तर चष्म्याच्या काड्या कानामागं रुतायला लागल्या. दुसरा इतका जड की मानेवर जू ठेवल्यासारखा. तिसरा तांब्याच्या रंगाचा, चकचकीत. हाच सगळे घेतात म्हणाला. नख लावून बघितलं, प्लास्टिक. तांब्याला हात लावला की गार लागतं, हे त्याला काय सांगणार? चौथ्याची गादी अशी की दोन मिनिटांत कानाला घाम फुटला. पाचवा टोपीवर बसेना, घसरून पुढं यायचा, आणि टोपी काढायला मी काही तयार नव्हतो. सहावा मात्र टोपीवरून नीट बसला. हलका होता, काळा, साधा, आणि दिसायलाही बरा.

पण प्रत्येकात एकच खोट. डावी बाजू बंद. पहिल्याला सांगितलं तेव्हा त्यानं मुकाट्यानं दुसरा काढून दिला. तिसऱ्यापासून माझा आवाज चढला. सहाव्याला मी पेठेला ऐकू जाईल असं विचारलं, की बिघडलेला माल म्हाताऱ्यांसाठी वेगळा काढून ठेवता काय?

तो म्हणाला, "आजोबा, सहा वेगवेगळ्या कंपन्या आहेत. सगळ्यांनी बैठक घेऊन तुमच्यासाठी डावी बाजू मुकी ठेवली का?"

मी म्हटलं, माल दाखवा, अक्कल नको. तो काउंटरच्या बाहेर आला, माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला आणि उलटा करून घातला. जी बाजू डावीकडं मुकी होती ती उजव्या कानाशी आली आणि खणखणीत वाजायला लागली. आता डावीकडं दुसरी बाजू होती. ती मुकी. मी पुन्हा सुलटा करायला लावला. पुन्हा उलटा. तीनदा करून बघितलं. मग तो माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. त्यानं तो मारला नाही, याचा जास्त राग आला. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून त्यानं मोबाइल लावून दिला, म्हणजे एका कानात सगळं ऐकू येईल. तो सहावा मी घेतला. घ्यावाच लागला.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं की माझा डावा कान गेलाय. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, बाबा. मी शाळेत असल्यापासून. आईनं सांगून ठेवलं होतं, यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून."

मला का सांगितलं नाही, विचारलं. तर म्हणाला, तुम्हीच कारण. आमच्या आळीत एक म्हातारा कारागीर ठार बहिरा झाला होता. त्याच्याबद्दल मीच तेव्हा चारचौघांत बोललो होतो, की ज्याला ठोकताना भांडं बोललेलं ऐकू येत नाही त्यानं हातोडी ठेवून घरी बसावं. बोललो होतो, खरं आहे. ही तिथंच होती. यांना कळलं तर हे खरंच हातोडी ठेवतील आणि घरात कुढून मरतील, असं ती पोराला म्हणाली होती.

तेव्हा मला उलगडलं. माझी प्रत्येक हंडी, प्रत्येक घागर पुरी झाली की ही हातात घ्यायची आणि बांगडीनं वाजवायची. बुडाशी एकदा बघा, म्हणायची. मी खेकसायचो, तुला काय कळतंय त्यातलं. बघायचो, तर पत्रा तिथं पातळ निघायचा. मला वाटायचं, बाईला लुडबुड करायची खोड आहे. म्हणजे गिऱ्हाइकं माझ्या हाताला नावाजत होती आणि कान हिचा होता.

मग मुलाला विचारलं की आठ महिने तुम्ही कुणी माझ्याशी धड बोलत का नाही? मला वाटत होतं, मी इथं नकोसा झालोय. तो खाली बघून म्हणाला, "बोलत होतो, बाबा. उजवीकडून बोलायची आठवण आई करून द्यायची."

हेडफोन बरा आहे. टोचत नाही, कीर्तन स्वच्छ येतं, शेजारी गप्प आहे. मी गप्प नाही, हिच्याशी भांडतो. अगं, सांगायचं होतंस. आठ दिवस जेवलो नसतो, आदळआपट केली असती, आणि नंतर तुझ्याच हातात भांडं देऊन म्हणालो असतो, वाजव. तेवढी अक्कल मला होती. तू मला ती संधी दिली नाहीस, याचा राग अजून उतरत नाही.

हेडफोन आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलापाशी माझी खुर्ची डाव्या अंगानं भिंतीला लावली आणि घरात सगळ्यांना ऐकवलं, मी डाव्या कानानं बहिरा आहे, बोलायचं तर या बाजूनं बोला. सुनेचे डोळे भरून आले. मी म्हटलं, रडू नकोस, आमटी वाढ.