भाड्याच्या कॅसेटमधली वहिनी

माझा दादा, निशिकांत, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जोखीम मोजतो. कुठे हात घालू नये, हे सांगण्याचा त्याला पगार मिळतो. आणि हाच माणूस संध्याकाळी सेंगकांगच्या फ्लॅटवर येऊन जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पुसत बसतो. त्याही साध्यासुध्या नव्हेत. काही गेम अमेरिकेत विकायला कधी आलेच नाहीत, फक्त भाड्याने देणाऱ्या दुकानांसाठी काढले गेले. ती दुकानं बंद पडली, कॅसेटी जगभर पांगल्या, आणि दादाला नेमक्या त्याच हव्यात. आता या वेडाला काय म्हणावं?

अशा कॅसेटच्या पोटात एक छोटी बॅटरी असते. कुणी खेळ अर्धवट सोडला की त्याचं नाव आणि त्याचा खेळ ती धरून ठेवते. नावांना जागा तीनच. कॅसेट लावली की टीव्हीवर टॉड, मेगन अशी नावं येतात. ती पोरं आज चाळिशी ओलांडलेली असतील, किंवा नसतीलही. दादाने त्यातलं एकही नाव कधी पुसलं नाही. "दुसऱ्याचं मांडलेलं घर कशाला मोडायचं?" म्हणायचा. मग याचं स्वतःचं नाव टाकायला जागाच उरायची नाही. सुलेखावहिनी वैतागायची. "आपल्या घरात माणसं तीन आणि भुतं पन्नास," असं मला फोनवर सांगायची.

वहिनी मागच्या वर्षी गेली. हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, धोकाही सांगितला. वहिनी दादाला म्हणाली, "तूच ठरव, तुझं रोजचं काम आहे." दादाने धोका मोजला आणि औषधांवर थांबू या म्हणाला. थांबता थांबता ती गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी दादा नेहमीसारखा कॅसेटी तपासत होता. एका गेममध्ये टॉड नव्हता. त्याच्या जागी इंग्रजीत 'सुलू' असं नाव होतं.

"आई दुपारी खेळायची," त्याची मुलगी जाई म्हणाली. "सिक लीव्हवर बोअर व्हायची ना. तुला सांगू नको म्हणाली, बाबा. टॉड डिलीट केला म्हणून गिल्टी वाटत होतं तिला."

दादाने सुलूचा खेळ उघडला. खेळातली कंदील घेतलेली मुलगी एका झोपडीत बसलेली होती. राक्षस एकही मारलेला नव्हता. झोपडीत मात्र मडकी मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडलेली, अगदी वहिनीच्या ओट्यावरच्या डब्यांसारखी. मी जुरोंग ईस्टच्या माझ्या घरून खास ते बघायला गेले होते, आणि गेले नसते तर बरं, असं वाटलं.

मग दादाचं ते रोजचंच झालं. ऑफिसातून आला की पायातले बूट न काढता टीव्ही लावायचा. नाव आहे ना, बघायचा. आजारी माणसाच्या खोलीत डोकावतात तसं. काही खेळायचा नाही, नुसता त्या झोपडीत बसून राहायचा. एके दिवशी त्याने मीटर लावून पाहिलं. बॅटरी संपत आली होती.

"क्षिप्रा, बदलायला गेलो आणि हात चुकला तर ती जाईल," तो मला म्हणाला. "नाही बदलली तरी कधीतरी जाईलच. थोडं थांबून बघू."

"फोटो काढून ठेव ना, बाबा," जाई इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. "सेम थिंग, लाह."

"फोटो आहेत गं. इथे ती अजून बसलीय."

माझं डोकं फिरलं. "दादा, 'थांबून बघू' हे मी एकदा ऐकलंय," मी म्हणाले. "या वेळी थांबायचं नाही."

कुणी तोंडावर असं बोललं नव्हतं त्याला.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर त्याने कॅसेट उघडली. जुनी बॅटरी काढताना बाहेरून दुसऱ्या बॅटरीचा करंट चालू ठेवावा लागतो. तार क्षणभर सुटली तरी सगळं पुसलं जातं. तारा मी धरल्या. जाईला बघवेना, ती दुसऱ्या खोलीत निघून गेली. जुनी निघाली, नवी बसली. त्याने कथलाचा डाग दिला, कॅसेट बंद केली आणि टीव्ही लावला.

तिन्ही नावं होती. झोपडी होती, मडकी होती, कंदील घेतलेली मुलगी होती.

"वाचली!" मी ओरडले. जाई धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. दादा मात्र जागचा हलला नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"इतकंच होतं," तो म्हणाला. "क्षिप्रा, म्हणजे तीही वाचली असती गं."